वैमानिकाचा डबा आणि शिरोड्याचं मीठ

७ सप्टेंबर २०२५, रविवार. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती, मखर अजून उतरवायचं होतं आणि रात्री खग्रास चंद्रग्रहण लागणार होतं. माझा भाचा सह-वैमानिक आहे. गणपतीची रजा संपवून सोमवारी पहाटे त्याला मोपा विमानतळावर ड्यूटीला हजर व्हायचं होतं. ओट्यावर दुपारचा भात टोपात झाकून ठेवलेला. सकाळी त्याला फोडणी देऊन डब्यात भरायचा, असा ताईचा बेत. टोपावर तुळशीचं पान.

"गिराण आसा. पान घातलंय, आता काय होणा नाय," ताई म्हणाली.

मी तीसेक वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे गप्प बसणं जमलं नाही. पृथ्वीची सावली चंद्रावर पडली म्हणून वेंगुर्ल्याकडच्या एका टोपातल्या भाताला काही होत नाही. त्याला जे व्हायचं ते दुपारी दोनपासूनच सुरू झालेलं असतं, ग्रहण असो वा नसो.

तांदळात मातीतून आलेला बॅसिलस सिरियस नावाचा जीवाणू असतो. भात शिजताना तो मरतो, पण त्याची बीजं, म्हणजे स्पोअर्स, उकळत्या पाण्यातही तग धरतात. भात कोमट झाला की ती रुजतात. तीस अंश तापमान, भरपूर ओलावा, समोर पिष्टाचं ताट! अर्ध्या तासाला एक दुपटी धरली तरी नऊ तासांत अठरा दुपट्या होतात, म्हणजे एकाचे दोन लाख बासष्ट हजार. आणि वाढता वाढता तो सेरिउलाइड नावाचं विष सोडतो, ज्याने तासा-दोन तासांत उलट्या सुरू होऊ शकतात. सकाळी दिलेल्या खमंग फोडणीने जीवाणू मरतील, पण विष तसंच राहतं. कुकरच्या शिट्ट्यांनाही ते दाद देत नाही.

"इतकी वर्सां खातंव, कोणाक काय जाला?" हा ताईचा पुढचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे. बहुतेक वेळा काही होत नाही, आणि झालंच तर आपण परसात धावतो, लिंबू-पाणी पितो, संध्याकाळपर्यंत उठून बसतो. भाच्याची खुर्ची मात्र अशी आहे की तिथून उठून धावता येत नाही. म्हणूनच दोन्ही वैमानिकांनी एकच पदार्थ खाऊ नये, असा रिवाज बऱ्याच विमान कंपन्यांत आहे. फेब्रुवारी १९७५ मध्ये टोकियोहून पॅरिसला निघालेल्या एका जपानी विमानात अलास्कातल्या अँकरेजला चढवलेल्या न्याहारीतलं हॅम, म्हणजे डुकराचं मांस, खाऊन १९७ माणसं आजारी पडली. स्वयंपाक्याच्या बोटांवर जखमा होत्या, त्यांतला स्टॅफिलोकॉकस नावाचा जीवाणू हॅममध्ये गेला आणि हॅम नीट थंड न ठेवल्यामुळे तिथे वाढला. त्याचं विषही गरम करून जात नाही. वैमानिकांनी ती न्याहारी खाल्लेली नव्हती, म्हणून विमान कोपनहेगनला सुखरूप उतरलं.

भाच्याची अडचण साधी आहे. दिवसाला चार उड्डाणं, दोन उड्डाणांच्या मध्ये अर्धा तास, विमानतळावरचं सँडविच त्याच्या म्हणण्याप्रमाणे तीनशे रुपयांचं, आणि कंपनीचं जेवण चमचमीत पण जड. पहाटे चारला भरलेला डबा दुपारी दोनपर्यंत पुरवायचा. मधे फ्रीज नाही की गरम करायची सोय नाही. "मामा, काय टिकतं ते सांग," एवढंच त्याचं मागणं होतं.

काय टिकतं, या प्रश्नाचं उत्तर मिठाच्या बरणीत आहे.

अन्नात पाणी किती आहे यावर त्याचं टिकणं ठरत नाही. त्यातलं मोकळं पाणी किती, यावर ठरतं. गुळाच्या पाकात पाणी असतं, पण साखरेच्या रेणूंनी ते धरून ठेवलेलं असतं. जीवाणूला ते ओढून घेता येत नाही. ही गोष्ट मोजायची कशी, हे ऑस्ट्रेलियातल्या डब्ल्यू. जे. स्कॉट यांनी १९५३ मध्ये नेमकेपणाने दाखवलं, आणि प्रयोगासाठी त्यांनी घेतला होता तोच वरच्या हॅममधला स्टॅफिलोकॉकस. मापाला वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी म्हणतात. आपण जलक्रिया म्हणू. शुद्ध पाण्याची जलक्रिया १. भाताची आणि ताज्या मासळीची ०.९७ च्या वर. समुद्राचं पाणी ०.९८. जॅम ०.८ च्या आसपास, मध ०.६, कोरडं बिस्किट ०.३ किंवा त्याहूनही कमी. भातातल्या बॅसिलसला निदान ०.९३ लागते. स्टॅफिलोकॉकस सर्वांत चिवट, तो ०.८६ पर्यंत वाढतो. त्याच्या खाली रोग देणारे जीवाणू वाढत नाहीत. बुरशी मात्र ०.७ पर्यंत येते, आणि ०.६ च्या खाली कुणाचंच चालत नाही.

थोडं बारावीचं गणित करू. जलक्रिया म्हणजे पदार्थावरच्या वाफेचा दाब भागिले शुद्ध पाण्यावरच्या वाफेचा दाब. तिचा नैसर्गिक लॉगरिदम घ्या, उणे चिन्ह सोडा, त्याला वायूचा स्थिरांक आणि केल्विनमधल्या तापमानाने गुणा, पाण्याच्या एका मोलच्या आकारमानाने भागा. जे येईल तो दाब सोसून जीवाणूला पाणी आत ओढावं लागतं. तीस अंशांवर समुद्राच्या पाण्यासाठी हा आकडा येतो सुमारे २८ वातावरणं (एक वातावरण म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेचा दाब). ०.८५ ला तो होतो सव्वादोनशे. ०.६ ला सातशे! आपला कुकर कसाबसा दोन वातावरणांपर्यंत जातो. जीवाणू हे गणित सोडवण्यासाठी आपल्या पेशीत प्रोलिन या अमिनो आम्लासारखे रेणू साठवतो, म्हणजे आतलं पाणीही तितकंच बांधून टाकतो, आणि त्यात त्याची इतकी शक्ती जाते की वाढायला काही उरत नाही. सोडे आणि जवळा वर्षभर का टिकतात, आंब्याचं साठ पुढच्या मे महिन्यापर्यंत का राहतं, याचं सगळं उत्तर या एका भागाकारात आहे. मला तो इतका आवडतो की वर्गात मी त्यावर तीन तास घ्यायचो आणि मागच्या बाकावरची मुलं झोपायची.

आता कोकण. वाफेच्या दाबाचं हेच गुणोत्तर हवेसाठी काढलं की त्याला आपण आर्द्रता म्हणतो. त्यामुळे उघडा ठेवलेला पदार्थ शेवटी हवेच्या आर्द्रतेला येऊन ठेपतो. आमच्याकडे पावसात आर्द्रता ८५ ते ९० टक्के. म्हणजे उघडी चकली हळूहळू ०.८५ कडे निघालेली असते! त्या वाटेवर ०.४-०.५ च्या आसपास तिचा कुरकुरीतपणा जातो आणि आपण म्हणतो, "सादळली." सादळलेली चकली खराब झालेली नसते, फक्त वाटेत असते. जत्रेतला खाजा हाताला चिकटायला लागतो तो याच वाटेवर.

या वाटेवर मिठाने एक मैलाचा दगड ठेवला आहे. शुद्ध मिठाला बरोबर ७५ टक्के आर्द्रतेला पाणी सुटतं, त्याखाली ते कोरडं राहतं. म्हणून एक प्रयोग करा. काचेच्या बरणीत पदार्थ ठेवा, त्यावर बाटलीच्या बुचात चिमूटभर कोरडं मीठ, झाकण घट्ट, एक रात्र. सकाळी मीठ ओलं तर पदार्थाची जलक्रिया ०.७५ च्या वर. कोरडं तर खाली, आणि तिथे रोगाचे जीवाणू वाढू शकत नाहीत. मीठ मात्र पिशवीतलं बारीक घ्या. शिरोड्याच्या मिठागरातलं खडेमीठ (हो, १९३० च्या सत्याग्रहातलं शिरोडा) इथे फसवतं, कारण त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि ते कितीतरी कमी आर्द्रतेत पाणी ओढतात. त्या रात्री ग्रहण पाहायला बाहेर जाण्याआधी मी चार बरण्या लावल्या: भाकरी, चिवडा, साठ, सातूचं पीठ. भाकरीवरचं मीठ सकाळी पाझरलं होतं. बाकी तिन्ही कोरडी.

म्हणजे भाकरी चार तासांच्या आत खायची, बाकीचं दिवसभर चालेल. ती निवल्याशिवाय डबा बंद करायचा नाही, हेही त्यातच आलं. गरम भाकरीची वाफ झाकणाला लागते, थेंब खाली पडतात, आणि थेंबाची जलक्रिया १ असते. बाकी भाकरी कितीही कोरडी असली तरी जीवाणूला तेवढं एक तळं पुरतं.

विमानात उलटा प्रकार. केबिनमधली आर्द्रता दहा-वीस टक्के. आमच्या घरात सुती फडक्यात मऊ राहणारी भाकरी तिथे दोन तासांत पापड होते. तेव्हा घट्ट झाकण हवंच, आणि झाकण घट्ट म्हटलं की बॉइलचा नियम आला: बाहेरचा दाब कमी झाला की आतली हवा फुगू पाहते. केबिनमधला दाब जास्तीत जास्त ८००० फूट उंचीवर असतो तेवढा खाली येतो, समुद्रसपाटीच्या पाऊणपट. बारा सेंटिमीटर व्यासाच्या डब्याच्या झाकणावर मग आतून तीस किलोचा जोर येतो. सोलकढी अशा डब्यात दिली तर काय होईल ते सांगायला नको. २०१९ मध्ये अटलांटिकवरून जाणारं एक एअरबस कॉकपिटमध्ये कॉफी सांडल्यामुळे आयर्लंडमध्ये शॅननला उतरवावं लागलं होतं. पातळ पदार्थ बंदच. याच हिशोबाने पोटातला वायूही एक तृतीयांश फुगतो, म्हणून उड्डाणाच्या दिवशी वालाची उसळ नको. ती कितीही पौष्टिक असो.

ताईने त्याच्या मित्रांसाठी सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बांधल्या होत्या, त्याही भाच्याने काढल्या. सुकं खोबरं विमानात धोकादायक माल म्हणून गणलं जातं. त्यात साठ टक्क्यांच्या वर तेल असतं, ढिगात ते हवेशी संयोग पावून स्वतःहून तापतं. ताईला हे ग्रहणापेक्षा जास्त अशुभ वाटलं.

शेवटी डबा ठरला तो असा. पहिल्या खेपेला दोन भाकऱ्या आणि परतलेली सुकी भाजी. नंतरसाठी भाजलेले शेंगदाणे नि चणे, पातळ पोह्यांचा चिवडा, आंब्याच्या साठाचे दोन तुकडे, आणि सातूचं पीठ गुळाच्या भुकटीसकट कोरडं. पाणी आयत्या वेळी, खाली उतरल्यावर घालायचं. चार वेलची केळी, कारण त्यांचं आवरण झाडानेच करून दिलेलं असतं. सगळं मिळून सत्तर रुपयांच्या आत, प्रथिनं पुरेशी, आणि भरपेट भातानंतर येते तशी गुंगी नाही. जवळ्याची चटणी मी सुचवली होती. कॅप्टन शाकाहारी आहेत म्हणे, आणि उड्डाणात कॉकपिटची खिडकी उघडता येत नाही.

दुपारचा भात गुरांना गेला. पहाटे पावणेचारला डबा भरून झाल्यावर तुळशीचं पान मात्र ताईने भाकरीवर ठेवलंच. ते नुकतंच धुतलेलं होतं, म्हणून मी आधी फडक्याने पुसून घेतलं.