बिस्किटात उतरलेली मार्गारीटा

संत्र्याची साल वाकवून शेजारच्याच्या डोळ्यांत फवारा उडवण्याचा खोडसाळपणा बहुतेकांनी लहानपणी केलेला असतो. डोळे चुरचुरवणारा तो फवारा रसाचा नसून तेलाचा असतो, आणि लिंबाची बिस्किटे साधणे किंवा फसणे याच फरकावर ठरते.

मार्गारीटा या उन्हाळी पेयात टकिला हे मेक्सिकन मद्य, संत्र्याच्या सालीचा स्वाद असलेले मद्य आणि लिंबाचा रस असतो, शिवाय ग्लासच्या काठाला मीठ लावतात. मद्य वगळले तर ही चव लिंबू सरबत पिणाऱ्या पुणेकराच्या ओळखीचीच आहे. तिची बिस्किटे करताना पहिल्या खेपेस मी मैद्यात दोन लिंबांचा रस पिळला आणि पाव चमचा खाण्याचा सोडा घातला. बिस्किटे फुगली खरी, पण पांढुरकी, चिवट आणि जेमतेम आंबट निघाली.

एक ग्रॅम सायट्रिक आम्ल शमवायला सुमारे १.३ ग्रॅम सोडा लागतो. एका कागदी लिंबाच्या रसात साधारण एक ग्रॅमच आम्ल असते, म्हणजे पाव चमचा सोड्याने एका लिंबाचा आंबटपणा जवळजवळ संपवला होता. उरलेल्या आम्लाने रंग अडवला, कारण फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेली, साखर आणि अमिनो आम्ले यांच्यातील तांबूस रंग आणणारी अभिक्रिया आम्लयुक्त पिठात मंदावते. रस म्हणजे मुख्यतः पाणीच असल्याने मैद्यात ग्लूटेन या चिवट प्रथिनाचे जाळे तयार झाले आणि खुसखुशीतपणाही गेला.

सालीचे गणित वेगळे आहे. तिच्या रंगीत थरातील सूक्ष्म ग्रंथींमध्ये तेल असते, आणि त्या तेलात लिमोनीन आणि लिंबाला त्याचा खास गंध देणारे सिट्राल असते. ही द्रव्ये पाण्यात फारशी विरघळत नाहीत, लोण्यात मात्र सहज विरघळतात. लिमोनीन १७६ अंश सेल्सिअसला उकळत असले तरी वाफेबरोबर त्याआधीच उडू लागते. लोण्यात मुरलेले तेल त्या मानाने अधिक टिकते. म्हणून बारीक किसणीवर केवळ हिरवा-पिवळा थर किसावा (खालचा पांढरा भाग कडवट असतो) आणि तो किस साखरेत बोटांनी चोळावा. साखरेचे कण ग्रंथी फोडतात, दोन मिनिटांत साखर ओलसर वाळूसारखी होते आणि स्वयंपाकघरभर वास सुटतो. मगच त्यात लोणी फेसावे.

एप्रिलमधल्या पुण्यात दुपारी पाराच चाळिशीच्या आसपास जातो, आणि लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळते. असे मऊ पडलेले पीठ ओव्हनमध्ये घट्ट होण्याआधीच पसरते. त्यामुळे वळलेली बिस्किटे तासभर फ्रिजमध्ये ठेवून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये सरकवावीत; उन्हाळ्यात ही पायरी मी कधीच गाळत नाही.

रसाची जागा भाजणीनंतरची. बिस्किटे पूर्ण गार झाल्यावर पिठीसाखरेत लिंबाचा रस कालवून वर पसरावा: तेथे सोडा नाही, उष्णता नाही, त्यामुळे आंबटपणा शाबूत राहतो. राहिले मीठ. त्यातील सोडियम सालीचा कडवटपणा जिभेला कमी जाणवू देतो. सरबतात चिमूटभर मीठ आपण घालतोच. जाडसर मीठ साखरेचा थर ओला असतानाच भुरभुरावे, वाळल्यावर ते चिकटत नाही.