सेट

सेट : इंग्रजी भाषेतील एक बहुअर्थी शब्द. क्रियापद, नाम आणि विशेषण अशा तिन्ही प्रकारे वापरला जातो. वीस खंडांत १९८९ साली निघालेल्या ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद याच क्रियापदाची होती. त्याचे चारशेहून अधिक अर्थ तिथे दिले होते. पुढे तिसऱ्या आवृत्तीचे काम चालू असताना हा मान ‘रन’कडे गेला. त्या क्रियापदाचे ६४५ अर्थ संपादकांनी नोंदवले.

एवढ्या अर्थांचा पसारा पाहून शिकणारा बिचकतो, पण मुळाशी गेले की बराचसा गुंता सुटतो. जुन्या इंग्रजीत ‘सिट्टान’ म्हणजे बसणे आणि ‘सेट्टान’ हे त्याचे प्रयोजक रूप, म्हणजे बसवणे. संस्कृतमधला ‘सद्’ धातू याच कुळातला. सदन, सदस्य, परिषद, उपनिषद हे शब्द त्यातूनच आले. मोडलेले हाड बसवणे, अंगठीत खडा बसवणे, इथे इंग्रजीत सेटच येतो. म्हणून शाळेत त्याचा पहिला अर्थ ‘ठेवणे’ असा पाठ करून घेण्यापेक्षा ‘बसवणे’पासून सुरुवात करणे कितीतरी बरे.

मात्र पुढे मराठीला एका क्रियापदावर भागवता येत नाही. आपण गजर लावतो, सापळा लावतो, गीताला चाल लावतो. तारीख ठरवतो आणि प्रश्नपत्रिका काढतो. इंग्रजीत या सगळ्याला सेट चालतो. अकर्मक अर्थही पुष्कळ आहेत : सूर्य मावळतो, दही लागते, सिमेंट घट्ट होते. बांधकामात या शेवटच्या अर्थाला काटेकोर व्याख्या आहे. भारतीय मानकानुसार साध्या पोर्टलँड सिमेंटने ३० मिनिटांच्या आत घट्ट होऊ लागता कामा नये आणि ६०० मिनिटांच्या आत ते पूर्ण घट्ट झाले पाहिजे. मजबुती येणे ही त्यानंतर कित्येक दिवस चालणारी वेगळी क्रिया; तिला सेट म्हणत नाहीत.

‘संच’ या अर्थाच्या नामाचा उगम निराळा आहे. ते जुन्या फ्रेंचमार्गे लॅटिन ‘सेक्टा’पासून, म्हणजे अनुयायांच्या गटावरून आले आणि नंतर क्रियापदाच्या अर्थांत मिसळून गेले. लॅटिनमधील मूळ धातूचा अर्थ ‘मागोमाग जाणे’. संस्कृत ‘सच्’ त्याचा भाऊबंद, आणि ‘सचिव’ हा शब्द ‘सच्’वरूनच झालेला. गणितातला संच, टेनिसमधला सेट, दागिन्यांचा सेट हे या शाखेतले अर्थ.

मराठीत हा शब्द आता घरचाच झाला आहे. चित्रपटाचा सेट उभारतात, क्रिकेटमध्ये फलंदाज सेट होतो, आणि आतून संधान बांधून काम उरकण्याला ‘सेटिंग’ म्हणतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ महाराष्ट्र व गोव्यासाठी घेते ती प्राध्यापक-पात्रतेची ‘सेट’ परीक्षा मात्र या कुळातली नाही. ती नुसती आद्याक्षरे आहेत. नोकरी लागून मार्गी लागलेल्या मुलाबद्दल ‘तो सेट झाला’ असे हल्ली सर्रास ऐकू येते. आधीची पिढी अशा वेळी ‘त्याचा जम बसला’ म्हणे, आणि त्यातही क्रियापद बसणे हेच होते.