बडोद्यात सूर्यघरचा अर्ज: आधी लाइट बिलावरचं नाव बघा

दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या आपल्या जुन्या घरांतून एक गोष्ट हमखास दिसते. वेरा (घरपट्टी) मुलगा भरतो आणि लाइट बिल येतं कधीच्या वारलेल्या आजोबांच्या नावानं. एरवी काही अडत नाही. घराच्या गच्चीवर सोलर पॅनेल बसवायला सबसिडी देणाऱ्या केंद्र सरकारच्या ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजने’त मात्र गाडी इथेच अडते, कारण अर्जातलं नाव, बिलावरचं नाव आणि सबसिडीच्या बँक खात्यावरचं नाव एकच लागतं. आमच्या घरी नाव बदलण्यातच अडीच महिने गेले. मृत्यूचा दाखला, पेढीनामा (वारसांची वंशावळ), वेरा पावती आणि दोन्ही आत्यांची संमती लागली. धाकटी आत्या नडियादला, तिच्या सहीसाठी खास जावं लागलं. म्हणून कळकळीनं सांगते, पॅनेलवाल्याला फोन करण्याआधी मध्य गुजरात वीज कंपनीच्या कचेरीत हे काम उरकून घ्या.

बाकी पात्रता सोपी आहे. घर स्वतःचं, गच्चीवर हक्क तुमचा, वीजजोडणी चालू आणि पूर्वी सोलरची सबसिडी घेतलेली नको. १ किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. फ्लॅटवाल्यांची सोसायटी लिफ्ट, पाण्याची मोटर अशा सामायिक वापरासाठी अर्ज करू शकते. तिथे सबसिडी किलोवॉटमागे १८,००० रुपये.

घरासाठी १ किलोवॉटला ३०,०००, २ ला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून जास्त कितीही बसवले तरी ७८,००० रुपये मिळतात. किती बसवायचे ते बिलच सांगतं. आपलं बिल दोन महिन्यांचं असतं, हे विसरून लोक दुप्पट पॅनेल लावून बसतात. ४८० युनिट आले तर महिन्याचे २४०, म्हणजे २ ते ३ किलोवॉट पुरे. त्याआधी पंखे बदला, असं माझं मत. जुना पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या, ब्रश नसलेल्या मोटरचा) पंखा ३०च्या आसपास.

आणि गच्ची गळत असेल तर वॉटरप्रूफिंग आधी. एकदा सांगाडा बसला की खालची भेग सापडत नाही. ओल उतरते, भिंतीला बुरशी धरते आणि दम्याच्या माणसाला ती खोली नकोशी होते. उलट चांगल्या स्लॅबवर पॅनेलची सावली पडली की मे महिन्यात खालची खोली कमी तापते.

अर्ज पीएम सूर्यघर पोर्टलवर. राज्य, वीज कंपनी, ग्राहक क्रमांक, मोबाइल, ईमेल भरायचं आणि ताजं लाइट बिल जोडायचं. १० किलोवॉटपर्यंत वेगळी तांत्रिक तपासणी लागत नाही. मग पोर्टलच्या यादीतलाच विक्रेता निवडा. यादीबाहेरच्याकडून काम केलं किंवा पॅनेल आणि त्यातले सेल भारतात बनलेले नसले, तर सबसिडी नाही. ५ वर्षांची देखभाल करारात लिहून घ्या. हप्त्यानं करायचं असेल तर ३ किलोवॉटपर्यंत विनातारण कर्ज मिळतं.

जागा आखताना पॅनेलच्या ओळींमध्ये माणूस बादली घेऊन जाईल एवढी वाट सोडायला सांगा. धूळ पुसायची असते, आणि उत्तरायणला (संक्रांतीला) पोरं पतंग उडवायला गच्चीवर चढणारच.

काम झालं की नेट मीटरसाठी (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर) अर्ज, मग वीज कंपनीची पाहणी. कार्यान्वयन अहवाल (यंत्रणा सुरू झाल्याचा दाखला) पोर्टलवर आला की खात्याचा तपशील आणि रद्द केलेला चेक चढवा. पैसे साधारण ३० दिवसांत जमा होतात.