हलाल आणि हराम

इस्लामी धर्मशास्त्रात, म्हणजे शरीयतमध्ये, ज्याला मुभा आहे ते हलाल आणि ज्याला मनाई आहे ते हराम. इतरांना ही जोडी मांसापुरतीच ठाऊक असते. प्रत्यक्षात कमाई, कर्ज, विवाह, पोशाख, बोलणे असे सारेच व्यवहार तिच्यात येतात. कुराणात व्यापार वैध आणि व्याज निषिद्ध ठरवले आहे (२:२७५, म्हणजे अध्याय २, आयत २७५). रेशीम आणि सोने पुरुषांना वर्ज्य, स्त्रियांना नाही.

शास्त्रकार दोनच कप्प्यांवर थांबत नाहीत. त्यांच्या लेखी कृतीचे पाच दर्जे आहेत: फर्ज (अनिवार्य), मुस्तहब (केले तर पुण्य, न केले तर दोष नाही), मुबाह (ना पुण्य ना पाप), मकरूह (टाळलेले बरे) आणि हराम. रोजचे बहुतेक जगणे मुबाहमध्येच मोडते, कारण मनाईचा आधार सापडेपर्यंत वस्तू वैध धरायची हे बहुसंख्य शास्त्रकारांचे सूत्र आहे. आधार दाखवायचा तो मनाई सांगणाऱ्याने. उपासनेत मात्र नेमके उलट: तिथे आधाराशिवाय नवे काही घालता येत नाही. मनाला येईल तसे ‘हे हलाल, हे हराम’ ठरवू नका, असे कुराणच बजावते (१६:११६).

सुन्नी परंपरेत आधारांचा क्रम कुराण, हदीस (पैगंबरांची वचने आणि आचरण यांच्या नोंदी), विद्वानांचे एकमत (इज्मा) आणि साधर्म्यावरून काढलेला निष्कर्ष (कियास) असा आहे. मद्याचे उदाहरण घेतले की ही रीत उलगडते. परंपरेनुसार मनाई टप्प्याटप्प्याने आली: आधी त्यात लाभापेक्षा पाप मोठे असे सांगितले (२:२१९), मग नशेत नमाजाला उभे राहू नका (४:४३), शेवटी जुगारासह ते पूर्ण वर्ज्य झाले (५:९०). खरी गंमत पुढे आहे. मद्य आपोआप आंबून त्याचा शिरका (व्हिनेगर) झाला, तर तो हलाल. पण मुद्दाम काही घालून शिरका केला तर? सुन्नी शास्त्रशाखांपैकी हनफी म्हणतात चालेल, शाफी म्हणतात नाही. डुकराच्या कातडीपासून काढलेल्या जिलेटिनचा आजचा वाद याच वळणाचा आहे: मूळ पदार्थ पुरता पालटला असे मानायचे की नाही?

कॉफीचीही अशीच झाडाझडती झाली. १५११ मध्ये मक्केतील मामलुक (इजिप्तच्या तत्कालीन सुलतानांचा) अधिकारी खैर बेग याने विद्वानांची सभा भरवून तिच्यावर बंदी घातली. ती फार काळ टिकली नाही.

जलचरांबाबत हनफी फक्त मासे वैध मानतात, आणि कोळंबी मासा आहे का यावर त्यांच्यातच दुमत आहे. शाफी आणि मालिकी (आणखी एक सुन्नी शाखा) जवळपास सगळेच चालवून घेतात. जाफरी शास्त्रशाखेच्या शियांना खवले असलेले मासे आणि कोळंबी चालते.

भुकेने जीव जायची वेळ आली तर मेलेले जनावर किंवा डुकराचे मांसही खाता येते, मात्र जीव वाचण्यापुरतेच (२:१७३). संशयास्पद गोष्टींपासून दूर राहावे, असे हदीस सांगते. राखीव कुरणाच्या कडेला गुरे चारणाऱ्याची गुरे कधीतरी आत शिरणारच, असा दाखला त्यात दिला आहे.

अडलेला माणूस मुफ्तीकडे (धर्मशास्त्राच्या जाणकाराकडे) फतवा मागतो. तो मुफ्तीचा अभिप्राय असतो. काझीच्या निकालासारखा बंधनकारक नसतो. पाकीटबंद पदार्थांच्या काळात हे काम बरेचसे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांकडे गेले आहे. कत्तलीआधी जनावराला बेशुद्ध करणे काही संस्था अटींवर मान्य करतात, काही अजिबात नाही. त्यामुळे एकीचे प्रमाणपत्र दुसरीला चालेलच असे नसते.