अनुकंपी आणि परानुकंपी : एका वाटणीची पार्श्वभूमी

डोळे तपासायला गेल्यावर बाहुली मोठी करणारे थेंब घालतात आणि डोळे मिटून बसायला सांगतात. अर्ध्या तासाने हातातल्या कागदावरची अक्षरे पुसट होतात, खिडकीतला उजेड सोसवत नाही. बाहुलीला दोन स्नायू असतात. एक गोल, तिला आवळणारा. दुसरा चाकाच्या आऱ्यांसारखा, तिला ताणणारा. ट्रॉपिकामाईडसारखे थेंब ताणणाऱ्या स्नायूला हातही लावत नाहीत. शरीराची आपोआप चालणारी कामे सांभाळणाऱ्या चेतांचे (नर्व्हचे) अनुकंपी आणि परानुकंपी असे दोन गट मानतात; त्यातल्या परानुकंपी गटाकडून आवळणाऱ्या स्नायूला मिळणारा संदेश ते अडवतात, आणि विरोध संपला म्हणून बाहुली पसरते.

अनुकंपी म्हणजे धावपळ, परानुकंपी म्हणजे विसावा, हा तक्ता बहुतेकांनी पाठ केलेला असतो. पण भीतीने तोंड कोरडे पडते, अंगावर काटा येतो, छाती धडधडते, त्यात अनुकंपा कुठली? हा शब्द इथे आला कसा, हे सहसा कोणी सांगत नाही.

मुळात दया किंवा करुणा अभिप्रेतच नव्हती. दुसऱ्या शतकात रोममध्ये काम करणाऱ्या एका ग्रीक वैद्याने, एक अवयव बिघडला की दूरचा दुसराही का कुरकुरतो, याचे उत्तर चेतांच्या जोडणीत शोधले. अशा ‘सोबत सोसण्या’ला ग्रीकमध्ये जो ‘सिम्पॅथिया’ हा शब्द होता, तोच पुढे युरोपभर चालला. मराठीतला शब्दही फोडून पाहावा : अनु आणि कंप, म्हणजे एकामागोमाग दुसऱ्याचे कापणे. मला हा पर्याय फार नेमका वाटतो. रूढ अर्थाने तो झाकून टाकला, एवढेच.

पुढची दीड हजार वर्षे अनुकंपी म्हटली जाणारी चेता मेंदूतून खाली उतरते असेच मानले गेले. १७२७ मध्ये एका फ्रेंच शल्यवैद्याने आपले प्रयोग प्रसिद्ध केले : कुत्र्यांच्या मानेतली ती चेता कापली, तेव्हा त्याच बाजूच्या डोळ्यात बदल दिसले. म्हणजे संदेश मानेतून वर, डोळ्याकडे जात होते. आजही पापणी किंचित उतरलेली आणि त्याच डोळ्याची बाहुली बारीक दिसली, तर डॉक्टर छातीचा फोटो काढायला सांगू शकतात. कारण फुप्फुसाच्या टोकाशी वाढलेली गाठ याच वाटेवर बसते.

त्यानंतर पाचच वर्षांनी, १७३२ मध्ये, पॅरिसमधल्या एका शरीररचनातज्ज्ञाने ‘लहान’, ‘मधली’ आणि ‘मोठी’ अशा तीन अनुकंपी चेता सांगितल्या. यातली मधली म्हणजे मेंदूच्या बुंध्यातून छाती-पोटात उतरणारी आजची वेगस. जी आज परानुकंपी बाजूची सर्वांत मोठी चेता मानली जाते, ती त्या काळी अनुकंपीच होती! ही नावे किती सरकली आहेत, ते यावरून कळावे.

एकोणिसाव्या शतकात प्रयोगांना वेग आला. १८४५ मध्ये दोन जर्मन भावांनी दाखवले की वेगसला विजेने चेतवले की हृदय थांबते. चेता एखाद्या अवयवाला आवरही घालू शकते, हे तोवर कुणाच्या डोक्यात नव्हते. पण आजच्या वाटणीचा खरा कारखाना केंब्रिज. १८८६ मध्ये तिथल्या एका शरीरक्रियातज्ज्ञाने दाखवले की आतल्या अवयवांकडे जाणारे बारीक तंतू मेरुरज्जूतून सलग निघत नाहीत. ते तीन ठिकाणांहून निघतात : मेंदूचा बुंधा, छाती-कंबर आणि अगदी खाली त्रिकास्थीचा, म्हणजे कमरेखालच्या हाडाजवळचा भाग. मधे हाता-पायांच्या चेता जिथून निघतात, तिथे खंड पडतो.

त्याच्याच एका सहकाऱ्याने १८८९ मध्ये निकोटिन कामाला लावले. पातळ निकोटिन कुंचल्याने गुच्छिकेवर, म्हणजे चेतापेशींच्या गाठीवर, फासून तिथले सांधे बंद करायचे, मग तिच्या आधीचा तंतू चेतवून पाहायचा. परिणाम थांबला, तर त्या तंतूचा सांधा त्याच गुच्छिकेत आहे. परिणाम दिसला, तर तंतू न थांबता पुढे गेलेला. इतक्या साध्या युक्तीने पेशी-पेशींचे टप्पे मांडता आले. याच माणसाने १८९८ मध्ये या साऱ्या चेतासंस्थेला ‘स्वायत्त’ हे नाव दिले आणि १९०५ मध्ये ‘परानुकंपी’.

खरा निर्णय १९०५ चा. मेंदूच्या बुंध्यातून आणि त्रिकास्थीच्या भागातून निघणारे तंतू एका नावाखाली आणले गेले. दोघांमध्ये अख्ख्या धडाचे अंतर, तरी नाव एक. कारणे होती. दोघांच्या कामाची नक्कल करणारी पायलोकार्पिनसारखी औषधे होती. जिथे दोन्ही बाजूंचे तंतू पोचतात, तिथे यांचे काम बहुधा छाती-कंबरेच्या तंतूंच्या उलट दिसे. आणि हातापायांच्या कातडीकडे यांतले तंतू जात नव्हते. तरीही हा शोध नव्हता, ही मांडणी होती, आणि पाठ्यपुस्तकांनी ती निसर्गाने आखलेली रेघ असल्यासारखी छापली. त्याच संशोधकाने आतड्याच्या भिंतीतले चेतांचे जाळे हा तिसरा, वेगळा विभाग मानला होता. तो बरीच वर्षे अडगळीत पडला, कारण दोघांच्या झुंजीचे चित्र शिकवायला सोपे होते.

झुंजीच्या या चित्राला १९२१ मध्ये बळ मिळाले. बेडकाच्या एका हृदयाची वेगस चेतवली, त्या हृदयाभोवतीचा द्राव दुसऱ्या हृदयावर सोडला आणि तेही मंदावले. चेता रसायनाने बोलते, याचा हा गाजलेला पुरावा. ते रसायन अ‍ॅसिटिलकोलीन ठरले. मग परानुकंपीला अ‍ॅसिटिलकोलीन आणि अनुकंपीला अ‍ॅड्रेनलिनसारखे द्रव्य, अशी सुबक जोडी लागली. १९३४ मध्येच ती विस्कटली : मांजराच्या तळव्यातल्या घामाच्या ग्रंथींकडे जाणारे अनुकंपी तंतूसुद्धा अ‍ॅसिटिलकोलीनच सोडतात. वेगसचेही तसेच. तिच्यातले सुमारे ८० टक्के तंतू हुकूम पोचवतच नाहीत. ते आतड्यांची, हृदयाची, फुप्फुसांची खबर मेंदूकडे नेतात. तिला केवळ ‘शांत करणारी चेता’ म्हणणे मला म्हणूनच खटकते.

१९०५ च्या निर्णयाला सगळ्यात जोराचा धक्का बसला तो २०१६ मध्ये. उंदरांच्या गर्भांवर काम करणाऱ्या एका गटाने, डोक्याकडचे आणि छाती-कंबरेचे तंतू ज्यांवरून वेगळे ओळखता येतात असे १५ निकष घेतले आणि त्रिकास्थीच्या तंतूंना लावून पाहिले. ते प्रत्येक वेळी छाती-कंबरेच्या बाजूला जाऊन बसले. एक तपशील विशेष बोलका आहे. डोक्यातल्या परानुकंपी गुच्छिकांच्या पेशी आधी वाढलेल्या चेतांच्या आधाराने सरकत जागेवर पोचतात; ओटीपोटातली गुच्छिका मात्र अशा चेतेवाचूनही तयार होते. निष्कर्ष सरळ होता : त्रिकास्थीचा भाग अनुकंपीच म्हणावा.

विरोध लगेच झाला. गर्भात पेशी कुठून आली यावर नाव ठरवायचे, की प्रौढ शरीरात ती काय करते यावर? मूत्राशय भरत असताना कंबरेकडून आलेले तंतू त्याला सैल ठेवतात. रिकामे करायची वेळ आली की त्रिकास्थीकडून आलेले तंतू त्याला आवळतात. रुग्णाच्या बिछान्याशी उभ्या असलेल्या डॉक्टरला या दोन कामांसाठी दोन शब्द लागतात, आणि ते १९०५ पासून हाताशी आहेत. गर्भातल्या पुराव्याला माझ्या लेखी मोठे वजन आहे, पण १९०५ ची वाटणी मुख्यतः कामावरून झाली होती, हे त्या वादात पुरेसे ऐकू आले नाही. मूत्राशय आवळणाऱ्या त्या तंतूंपुढे बहुतेक पुस्तकांत अजून ‘परानुकंपी’ हेच छापलेले असते.