कापसाच्या डॉकात म्हावरं कसं आलं

ससून डॉक म्हटलं की आधी वास आठवतो, मग बाकीचं. पण हे डॉक मासळीसाठी बांधलंच नव्हतं. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी चालली होती, तिकडचा कापूस अडकला, मग इंग्लंडच्या गिरण्या इकडच्या कापसावर तुटून पडल्या आणि मुंबईत पैशाचा नुसता पूर आला. त्यातलं एक बडं नाव म्हणजे बगदादहून आलेलं ससून घराणं, धंदा कापूस आणि अफू (अफूचं आपल्याकडे जरा हळूच बोलतात). डेव्हिड ससून १८६४ ला गेले, पुढे त्यांचा मुलगा अल्बर्ट म्हणजे अब्दुल्ला याने कुलाब्यात भराव घालून हे डॉक उभं केलं, १८७५ मध्ये.

मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीचा फरक चार-पाच मीटरपर्यंत जातो, त्यामुळे दरवाजे लावून आत पाणी अडवून ठेवायचं ही मोठीच सोय होती. पण चारच वर्षांत, १८७९ ला, पोर्ट ट्रस्टने ते विकत घेतलं, लगेच १८८० ला प्रिन्सेस डॉक आलं, मोठा माल तिकडे गेला आणि पुढे तर कापसाचा बाजारच कुलाब्याहून शिवडीकडे हलला. राहिलं काय, तर बांधलेला धक्का, शेड आणि गोदामं.

आता कोळ्यांचं बघा. त्यांना डॉक लागतच नव्हतं. वरळी, वर्सोवा, माहीम, मढ, कुलाबा, ज्याचा त्याचा कोळीवाडा आणि समोरचा किनारा, होडी थेट वाळूवर. मुख्य जाळं डोल, म्हणजे मोठी लांब पिशवी समजा, समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधायची, तोंड प्रवाहाकडे, बाकी काम पाणीच करतं. म्हणून सगळं गणित उधाण आणि भांगाचं (भांग म्हणजे भरती-ओहोटी मंद असते ते दिवस), उधाणाला पाण्याला ओढ असते, भांगाला जाळं नुसतं लोंबकळतं. बोंबील, करंदी, जवळा यायचा, थोडं ताजं विकायचं, बाकीचं वलांडीवर, म्हणजे बांबू-दोऱ्यांच्या मांडवावर, सुकवायचं. आणि विकायचं काम बायकांचं, पैसा त्यांच्या हातात.

हे बदललं ते इंजिनाने. साधारण १९५० नंतर होड्यांना इंजिनं बसायला लागली, सहकारी सोसायट्या आणि सरकारी कर्जं होती, नंतर ट्रॉलर आले, तळ खरवडत जाळं ओढणारे. कारण एकच, कोलंबी. परदेशात गोठवलेल्या कोलंबीला भाव मिळायला लागला आणि जी घरच्या कालवणात पडायची ती डॉलर आणायला लागली, १९७२ ला तर समुद्री माल निर्यातीसाठी केंद्राचं वेगळं प्राधिकरणच झालं. ट्रॉलरला मात्र वाळूवर ओढून ठेवता येत नाही, त्याला खोल पाणी लागतं, डिझेल लागतं, ढिगाने बर्फ लागतो, ट्रक उभा करायला जागा लागते. हे सगळं जिथे होतं ते म्हणजे ससून डॉक, आणि नंतर भाऊचा धक्का, तो पण मुळात मासळीचा नाहीच, कोकणात जाणाऱ्या बोटींचा.

पहाटे पाचला गेलात तर अजून दिसतं, बोटीतला खलाशी भरलेली टोपली वर फेकतो आणि धक्क्यावरचा हवेतच झेलतो, खाली बर्फाचं पाणी, लिलाव चाललेला, बाहेरच्या माणसाला आकडा कळायच्या आत माल गेलेला. शेडमध्ये बायका बसून कोलंबी सोलतात. पण माझ्या मते खरी मेख इथेच आहे, किनाऱ्यावर जी बाई मालाची मालकीण होती ती इथे लिलावात बोली लावणारी एक गिऱ्हाईक झाली, नाहीतर सोलायची मजुरी करणारी. नाखवा, म्हणजे बोटीचा मालक, पण मोकळा नाही, डिझेल-बर्फाला आगाऊ पैसे ज्या व्यापाऱ्याचे, माल बहुतेक वेळा त्यालाच.

मासळी कमी व्हायला लागली तसे नियम आले. राज्याचा सागरी मासेमारी कायदा १९८१ चा, पर्ससीनवर (मासळीचा अख्खा थवा घेरणारं जाळं) बंधनं २०१६ ला, आणि २०२३ ला पापलेट राज्यमासा, कारण लहान पिल्लंच जाळ्यात यायला लागली. १ जून ते ३१ जुलै बंदी असते. पूर्वी कॅलेंडर लागायचं नाही, नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला की होडी पाण्यात. आता पौर्णिमा ऑगस्टच्या शेवटी आली तरी १ ऑगस्टलाच डॉकातून ट्रॉलर सुटतात आणि पौर्णिमेची वाट बघणारा डोलवाला धक्क्यावरून बघत बसतो.