नियम पाळणं वेगळं, हक्क सोडणं वेगळं

कोविडच्या महासाथीत लोक घरात बसले, मास्क लावले, फोनवर अ‍ॅप घेतलं. यावरून लोकांनी आरोग्यासाठी स्वातंत्र्य सोडलं, असा अर्थ सर्रास काढला जातो. मला तो चुकीचा वाटतो, आणि धोक्याचाही.

माणूस नियम पाळतो त्यामागे आजाराची भीती असते, घरातल्या म्हाताऱ्यांची काळजी असते, कधी नुसता दंडाचा धाक असतो. हक्क सोडणं म्हणजे मात्र ‘यापुढे मी हे मागणार नाही’ असं कबूल करणं. रिकाम्या रस्त्याकडे पाहून यातलं नेमकं काय घडलं ते कळत नाही.

अर्थशास्त्रज्ञ मार्सेला अल्सान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोविडच्या काळात 15 देशांतल्या लाखो लोकांना याबद्दल विचारलं. आरोग्यासाठी काही स्वातंत्र्यांवर पाणी सोडायला अनेकजण तयार होते. पण ज्यांना आजाराचा धोका जास्त, त्यांची तयारी जास्त. जे आर्थिकदृष्ट्या दुबळे, त्यांची कमी. नवी माहिती हाती आली की मत हलायचं, आणि साथ लांबत गेली तशी ही तयारी हळूहळू ओसरून एका पातळीवर थांबली. हक्क कायमचे सोडणाऱ्याचं मत असं महिन्यागणिक बदलत नाही. लोकांनी ते उसने दिले होते. गरिबांनी हात आखडता का घेतला असावा? निर्बंधाची झळ आधी आपल्याला लागते आणि तो उठताना आपली आठवण शेवटी होते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असतं, असं मला वाटतं.

ही गल्लत कशी महागात पडते ते सिंगापूरमध्ये दिसलं. मार्च 2020 मध्ये तिथे ‘ट्रेसटुगेदर’ अ‍ॅप आलं. त्यातली माहिती फक्त रुग्णाचे संपर्क शोधायला वापरू, असं सरकारने सांगितलं होतं. जानेवारी 2021 मध्ये संसदेत उघड झालं की गुन्ह्याच्या तपासासाठी पोलीसही ती मागू शकतात. लोक नाराज झाले, आणि फेब्रुवारीत कायदा करून हा वापर सात प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांपुरता आणावा लागला. लोकांनी होकार दिला होता तो एका कामासाठी. तो दुसऱ्या कामाला परस्पर लावला गेला.

आंतरराष्ट्रीय कायद्याला हा फरक जुनाच माहीत आहे. हक्कांवर मर्यादा कधी घालता येते हे सांगणारी, कायदेतज्ज्ञांनी 1984 मध्ये तयार केलेली सिराक्युझा तत्त्वं आहेत. त्यांनुसार सार्वजनिक आरोग्यासाठी हक्कांवर मर्यादा घालता येते, पण ती कायद्याने घातलेली, गरजेपुरती आणि शक्य तितकी सौम्य असावी लागते, शिवाय तिच्याविरुद्ध दाद मागता आली पाहिजे. छळापासून संरक्षणासारखे काही हक्क तर आणीबाणीतही स्थगित होत नाहीत.

म्हणून ‘आरोग्यासाठी स्वातंत्र्य सोडाल का?’ हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. कोणतं स्वातंत्र्य, कोणत्या कामासाठी, कोणत्या तारखेपर्यंत, एवढं तरी त्यात असायला हवं.